सगळं काढलंत ना, डॉक्टर?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. ज्या पेशंटबद्दल बोलणं झालं त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी न्यूरोसर्जन आहे. मेंदूची आणि मणक्याची ऑपरेशनं करते. इथे बोलायला बोलावलं तेव्हा मला सांगितलं होतं, ‘ताई, ऐकणारे बहुतेक विशी-तिशीतले आहेत, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकतात, फार जड नको.’ प्रयत्न करते. विषय मुळातच थोडा जड आहे, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

मेंदूतल्या ट्यूमरचं ऑपरेशन झालं की घरचे पहिला प्रश्न विचारतात तो हा: ‘सगळं काढलंत ना, डॉक्टर?’ पेशंट बोलतो का, हात हलवतो का, हे त्यानंतर. प्रश्न अगदी साहजिक आहे. पण त्याचं खरं उत्तर कधीकधी ‘नाही’ असतं, आणि ते ‘नाही’ मुद्दाम असतं. पुढे जाता येत होतं, मी थांबले. कुठे थांबायचं, कशावरून थांबायचं आणि हे ठरवायचं कुणी, एवढंच आज बोलायचंय.

सुरुवात शब्दापासून करू. आपण ट्यूमरला ‘गाठ’ म्हणतो. गाठ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? दोरीची गाठ, सोडवली की सुटली. नाहीतर पाठीवरची चरबीची गाठ, कातडीला चीर दिली की गोटीसारखी बाहेर. मेंदूच्या बाबतीत अशाही गाठी असतात. मेनिन्जिओमा नावाचा ट्यूमर मेंदूवरच्या आवरणातून वाढतो. तो मेंदूला बाजूला दाबतो, पण सहसा आत शिरत नाही. फणसाच्या गऱ्यातून आठळी निघावी तसा तो पुष्कळदा निघतो. डोनाल्ड सिम्पसन नावाच्या सर्जननी १९५७ साली याचा हिशोब मांडला होता. ट्यूमर ज्या आवरणाला आणि हाडाला चिकटला होता त्याच्यासकट सगळा काढला, तर तो परत येण्याचं प्रमाण ९ टक्के. अर्धवट काढला, तर ४४ टक्के. म्हणजे तिथे घरच्यांचा प्रश्न बरोबर आहे. तिथेही एखादी मोठी शीर किंवा चेहऱ्याची नस ट्यूमरमध्ये अडकली असेल तर आम्ही तेवढा तुकडा ठेवतो, पण ती आजची गोष्ट नाही.

आजची गोष्ट ग्लायोमाची. हा ट्यूमर मेंदूच्या स्वतःच्याच आधारपेशींपासून होतो आणि मेंदूतच पसरतो. कणकेत मीठ मिसळलं की मीठ कुठे संपलं आणि कणीक कुठे सुरू झाली हे दाखवता येतं का? तसं आहे हे. एमआरआयवर आपल्याला जी कड दिसते ती ट्यूमरची कड नसते. तिथपर्यंत पेशी इतक्या दाट आहेत की मशीनला दिसतात, एवढाच तिचा अर्थ. त्यापलीकडे, चांगल्या मेंदूत, विरळ पेशी पसरलेल्या असतातच. आणि तो ‘चांगला मेंदू’ नुसता भराव नसतो, तो काम करत असतो. बोलत असतो, बघत असतो, तुमच्या आईचं नाव आठवत असतो.

मग आणखी मोठा भाग काढला तर? हा विचार नवीन नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी म्हणून सर्जन होते. हात फार सफाईदार, स्वभाव हट्टी. त्यांनी काही पेशंटमध्ये मेंदूचा उजवा अर्धगोल जवळजवळ पूर्ण काढून टाकला आणि १९२८ साली त्याबद्दल लिहिलं. अर्धगोल! त्या पेशंटची डावी बाजू ट्यूमरमुळे आधीच लुळी पडली होती, म्हणून डँडींनी धाडस केलं. माणसं ऑपरेशनमधून वाचली, बोलली, घरच्यांना ओळखलं. आणि ट्यूमर परत आला.

म्हणजे ‘सगळं काढलं’ हे ग्लायोमाच्या बाबतीत शब्दशः कधीच खरं नसतं. आम्ही रिपोर्टमध्ये ‘पूर्ण काढला’ लिहितो त्याचा अर्थ, स्कॅनवर जेवढा दिसत होता तेवढा काढला.

हे ऐकून तुमच्यातलं कुणीतरी नक्की म्हणेल, मग कशाला हात लावायचा? तुकडा तपासायला घ्या आणि राहू द्या. हा प्रश्न आमच्या क्षेत्रातही कित्येक वर्षं भांडणाचा होता, विशेषतः सावकाश वाढणाऱ्या, म्हणजे लो-ग्रेड ग्लायोमाबद्दल. त्याचं एक सुंदर उत्तर नॉर्वेतून आलं. सुंदर म्हणते कारण ते कुणी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. तिथे तुम्ही कुठे राहता त्यावरून तुमचं सरकारी हॉस्पिटल ठरतं. एका भागातल्या हॉस्पिटलचं धोरण होतं, बायोप्सी करा आणि लक्ष ठेवा. दुसऱ्या भागातल्या हॉस्पिटलचं धोरण होतं, लवकर ऑपरेशन करून जमेल तेवढा काढा. पेशंट तसेच, देश तोच, पत्ता फक्त वेगळा. दोन्हीकडचे मिळून १५३ पेशंट. पाच वर्षांनी पहिल्या भागातले ६० टक्के जिवंत होते, दुसऱ्या भागातले ७४ टक्के. हे २०१२ साली छापून आलं आणि ‘थांबा आणि बघा’ म्हणणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

जोरात वाढणारा ग्लायोमा, ग्लायोब्लास्टोमा, त्याचीही आकडेवारी त्याच दिशेला जाते. २००१ मध्ये ह्यूस्टनच्या सर्जननी ४१६ पेशंटचा हिशोब दिला: ९८ टक्के किंवा जास्त काढला त्यांचं मध्यम आयुष्य १३ महिने, कमी काढला त्यांचं ८.८ महिने. झालं, सगळ्यांच्या डोक्यात ९८ बसला. दहा वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोतून ५०० पेशंटचा अभ्यास आला. त्यांनी म्हटलं, फायदा ७८ टक्क्यांपासूनच सुरू होतो, मग जितका जास्त तितका बरा.

आता इथे जरा थांबा. टक्केवारी ऐकली की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. ९८ म्हणजे हुशार, ७८ म्हणजे ठीकठाक. पण टक्के कशाचे? ट्यूमर ५० घन सेंटीमीटरचा असेल, साधारण मध्यम लिंबाएवढा, तर ९८ टक्के काढल्यावर १ घन सेंटीमीटर उरतो. ट्यूमर १० चा असेल तर ९० टक्क्यांना तेवढाच १ उरतो. मागे राहिलेला ट्यूमर सारखाच, निकालपत्र वेगळं. ऑनलाइन सेलमध्ये ‘सत्तर टक्के सूट’ वाचून आपण मूळ किंमत बघायची विसरतो, तसलाच प्रकार. म्हणून हल्ली आम्ही किती काढला यापेक्षा किती उरला, ते घन सेंटीमीटरमध्ये बघतो.

दुसरी मेख अशी की ज्यांचा ट्यूमर सोप्या जागी होता त्यांचा जास्त निघाला, आणि सोप्या जागी असल्यामुळेच ते जास्त जगले, असंही असू शकतं ना? हो, असू शकतं. हा दोष या सगळ्या जुन्या हिशोबांत आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट दोन गटांत वाटून केलेला अभ्यास हवा. तसा एक जर्मनीत झाला, २००६ मध्ये छापला गेला. ऑपरेशनआधी पेशंटला एक औषध पाजतात. ते ट्यूमरच्या पेशींत जाऊन निळ्या प्रकाशात गुलाबी-लाल चमकतं. ते पाजलेल्या गटात ६५ टक्के लोकांचा दिसणारा ट्यूमर पूर्ण निघाला, साध्या पांढऱ्या प्रकाशातल्या गटात ३६ टक्के. सहा महिन्यांनी ट्यूमर न वाढलेले पहिल्या गटात ४१ टक्के, दुसऱ्यात २१. एकूण आयुष्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण जाहिरातीत हे शेवटचं वाक्य नसतं.

तर एका पारड्यात हे सगळं. जास्त काढा. आता दुसरं पारडं.

२००९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधूनच, डँडींच्याच हॉस्पिटलमधून, ३०६ ग्लायोब्लास्टोमा पेशंटचा हिशोब आला. ऑपरेशननंतर ज्यांना नवीन लुळेपणा किंवा बोलण्यातला दोष आला नाही ते मध्यम १२.८ महिने जगले. ज्यांची हातापायाची ताकद गेली ते ९ महिने, ज्यांचं बोलणं गेलं ते साडेनऊच्या आसपास. आधीचा आकडा आठवा: ९८ टक्के काढून चारेक महिने मिळत होते. काढायच्या नादात हात गेला, तर जवळजवळ तेवढेच महिने परत गेले. आणि ते महिने कुठल्या अवस्थेत काढले तो वेगळाच भाग. याचं कारण गूढ वगैरे काही नाही. माणूस अंथरुणाला खिळतो. पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत इन्फेक्शन होतं, रेडिएशन आणि केमो लांबतं, कधी सुरूच होत नाही. ग्लायोब्लास्टोमात ऑपरेशन हा उपचाराचा पहिला तुकडा आहे. उरलेला उपचार घ्यायला माणूस चालत आला पाहिजे.

हात, पाय, बोलणं हे निदान दिसतं. न दिसणारं काय जातं, त्याची गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते, कारण ती सांगणारा सर्जन स्वतःच्या बहिणीबद्दल सांगत होता.

वाइल्डर पेनफिल्ड. मेंदूवर विजेचा अगदी हलका स्पर्श करून कुठला भाग काय काम करतो याचा नकाशा बनवणारे ते कॅनडातले डॉक्टर. माँट्रियलची न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट त्यांनी १९३४ मध्ये उभी केली. त्याआधी, १९२८ मध्ये, म्हणजे डँडी लिहीत होते त्याच वर्षी, त्यांच्या थोरल्या बहिणीला, रूथला, ट्यूमर निघाला. उजव्या कपाळामागे, फ्रंटल लोबमध्ये. पेनफिल्डनी स्वतः ऑपरेशन केलं. सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन भावाने करावं का, यावर तुम्ही हवं तेवढं भांडा. आज कुठलंही हॉस्पिटल सहजी करू देणार नाही. त्यांनी फ्रंटल लोबचा मोठा भाग काढला, तरी सगळा ट्यूमर निघाला नाही.

रूथ बरी झाली. चालत होती, बोलत होती, हसतमुख होती. घरी गेली, मुलाबाळांत रमली. कुणीही म्हटलं असतं, ऑपरेशन यशस्वी. सव्वा वर्षानंतर पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. एक पाहुणा, म्हणजे भाऊ, आणि घरातली चार माणसं. साधा स्वयंपाक करायचा होता. पूर्ण दिवस हाताशी होता आणि तिला हौसही होती. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. सगळं सामान समोर होतं, एक-दोन भांडी चुलीवर होती, पण सॅलड झालेलं नव्हतं, मांसाला हातच लागलेला नव्हता, आणि ती गोंधळून, रडवेली होऊन उभी होती. एकेक पदार्थ तिला येत होता. कुठला आधी, कुठला नंतर, हे शिजेपर्यंत ते करू, ही जी आखणी असते ना, जी आपल्या घरात आई न बोलता करते, ती हरवली होती.

पेनफिल्डनी ही गोष्ट १९३५ मध्ये वैद्यकीय मासिकात लिहिली. तोवर रूथ नव्हती. ट्यूमर परत आला, दुसरं ऑपरेशन झालं, आणि १९३१ मध्ये ती गेली.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते असं की तपासणीच्या खोलीत रूथ पास झाली असती. हात वर करा, नाव सांगा, आज वार कुठला, सगळं बरोबर. नापास झाली ती स्वयंपाकघरात. म्हणून ऑपरेशनच्या आधी मी पेशंटला विचारते, ‘तुम्ही दिवसभर काय करता?’ लोकांना वाटतं मी वेळ घालवायला विचारतेय. घालवत नाही. मला कळायला हवं असतं की या माणसाचं स्वयंपाकघर कुठलं आहे.

आता ऑपरेशनमध्ये हे कसं वापरतो ते सांगते. पेनफिल्डचीच पद्धत आम्ही अजून वापरतो, यंत्रं सुधारलीत एवढंच. पेशंटला ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात जागं ठेवायचं. हो, कवटी उघडी आणि माणूस जागा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. डोक्याची कातडी आणि आवरण दुखतं, तिथे बधिरतेची इंजेक्शनं देतो. मग दोन टोकांच्या बारीक सळईने मेंदूवर काही मिलीअँपिअरचा करंट द्यायचा. तेवढी जागा काही सेकंद बंद पडते. त्याच वेळी समोर बसलेली स्पीच थेरपिस्ट टॅबवर चित्र दाखवते आणि पेशंट म्हणतो, ‘ही विळी आहे.’ ‘हा तांब्या आहे.’

विळी आणि तांब्या का, तर परदेशातून आलेल्या चित्रांच्या संचात अशी चित्रं असतात जी इथे कुणी उभ्या जन्मात पाहिलेली नसतात. बर्फाचं घर दाखवलं आणि माणूस गप्प बसला, तर दोष करंटचा की चित्राचा? म्हणून आदल्या दिवशी सगळी चित्रं पेशंटला दाखवतो. जी ओळखू येत नाहीत ती काढून टाकतो. पोळपाटाचं चित्र माझं सगळ्यात आवडतं. कारण करंट लागल्यावर माणूस कधीकधी गप्प बसत नाही, तो म्हणतो, ‘हे... ते... ज्यावर पोळ्या लाटतात ते.’ वस्तू माहीत आहे, उपयोग माहीत आहे, नाव येत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, बोलतोय की! पण ती जागा शब्दाची आहे. तिथे आम्ही छोटा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवतो आणि चाकू त्यापासून लांब ठेवतो.

हे केल्याने खरंच काही फरक पडतो का? २०१२ मध्ये आठ हजारांवर पेशंटचे अभ्यास एकत्र करून बघितले गेले. करंटने नकाशा काढून ऑपरेशन केलेल्यांत कायमचा गंभीर दोष ३.४ टक्के लोकांना आला, नकाशाशिवाय ८.२ टक्के. आणि गंमत म्हणजे नकाशावाल्यांचा ट्यूमरही जास्त निघाला. कुठे थांबायचं हे नक्की माहीत असलं की बाकीच्या जागी बिनधास्त जाता येतं.

एक बारकावा. मेंदूचा वरचा पापुद्रा आणि खालच्या तारा यांत फरक आहे. पापुद्र्यातलं एखादं काम, ट्यूमर वर्षानुवर्षं सावकाश वाढत असेल तर, शेजारच्या भागाकडे सरकतं. दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवावं तसं. पण खालच्या तारा, म्हणजे एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या वाटा, त्या तोडल्या तर पर्याय जवळजवळ नसतो. फ्रान्समधल्या माँपेलिएचे सर्जन ह्यूग्ज डुफो यांनी हे लावून धरलं, की ट्यूमरची कड शोधत बसू नका, कामाची कड शोधा आणि तिथपर्यंत जा. स्कॅनवरच्या कडेच्या अलीकडे ती लागली तर अलीकडे थांबा, पलीकडे असेल तर पलीकडेही जा.

मग कामाची कड कुणी ठरवायची? इथे मला दोन पेशंटबद्दल सांगायचंय.

पहिले कोल्हापूरचे गुळाचे आडते. पन्नाशीतले. डाव्या कानाच्या वर, मागच्या बाजूला ग्लायोमा. त्या भागात आकडेमोडीचं काम चालतं आणि जवळूनच बोलण्याची मोठी वाट जाते. मी त्यांना म्हटलं, काका, तुमचा सगळा धंदा तोंडी हिशोबाचा. तिथे करंट लावून वजाबाकी करायला सांगेन, चुकलात तर ती जागा सोडून देईन. ते हसले. म्हणाले, ‘हिशोबाला मोबाईल हाय की, मॅडम. पोरगं हाय. सौद्यात उभं राहून बोलता यायला पायजे मला. ते ऱ्हाऊ दे, हिशोब जाईना का.’ मुलगा शेजारीच होता. तो म्हणत होता, ‘मॅडम, तुम्ही दोन्ही बघू नका, सगळं काढा. बोलायला नंतर शिकवू आपण.’ वडलांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मुलाला वाईट म्हणू नका. त्याला बाप हवा होता, कुठल्याही अवस्थेत. पण सही वडलांची होती आणि मेंदूही वडलांचा. ऑपरेशनमध्ये ‘वीसातून सात’ला एका जागी ते सरळ ‘सोळा’ म्हणाले, दोनदा. ती जागा मी काढली, कारण तसं ठरलं होतं. बोलण्याच्या वाटेला लागून एक पातळ पट्टा होता, स्कॅनवर स्पष्ट ट्यूमर. तिथे करंट लागला की शब्द अडकत होते. तो ठेवला. आता ते सौद्याला जातात, वजाबाकीला मोबाईल काढतात आणि मोबाईलवर चिडतात. त्यांना रेडिएशन आणि केमो दोन्ही मिळालं, वेळेवर.

या हिशोबात मी एकटी असते तर पारडं वेगळं झुकलं असतं. मला वाटलं असतं, आडत्याचा हिशोब म्हणजे त्याचं सर्वस्व. नव्हतं.

दुसरी पेशंट पुण्यात आयटीत काम करणारी, सत्तावीस वर्षांची. तुमच्याच वयाची. ऑफिसात फीट आली. विशी-तिशीत लो-ग्रेड ग्लायोमाचं पहिलं लक्षण पुष्कळदा हेच असतं. आणि जाता जाता, कुणाला फीट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवणं बंद करा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पहिलीच फीट असेल तर मेंदूचा स्कॅन करून घ्या.

तर ही मुलगी घरी मराठी बोलायची, कामाचे कॉल दिवसभर इंग्रजीत. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत काही जागा अशा असतात जिथे करंट लावला की एक भाषा अडते आणि दुसरी चालू राहते. हे ओजमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं. म्हणून दोन्ही भाषांत चित्रं. डाव्या कपाळामागे एका जागी तिचं मराठी सुरळीत आणि इंग्रजी ठप्प. ‘छत्री’ लगेच, ‘अंब्रेला’ नाही म्हणजे नाहीच. मागच्या पिढीतल्या एखाद्या सर्जनने म्हटलं असतं, मातृभाषा शाबूत आहे, काढा. पण तिचा पगार त्या दुसऱ्या भाषेवर होता, आणि ती ऑपरेशनआधी स्पष्ट म्हणाली होती की दोन्ही हव्यात. जागा ठेवली. स्कॅनवर सुमारे दोन घन सेंटीमीटर ट्यूमर उरला.

उरलेल्या ट्यूमरबरोबर जगणं सोपं नाही. दर सहा महिन्यांनी एमआरआय, आणि प्रत्येक एमआरआयच्या आधीचा आठवडा झोप नाही. तिने मला एकदा विचारलं, ‘मॅडम, तेव्हा काढून टाकला असता तर मी आत्ता निवांत असते का?’ मी म्हटलं, निवांत नसतीस. स्कॅन तसेच चालू राहिले असते, फक्त कॉल घेता आले नसते. तिला हे उत्तर पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. मलाही काही दिवशी पटत नाही. तो पट्टा वाढेल हे दोघींना माहीत होतं.

चार वर्षांनी तो वाढला. दुसरं ऑपरेशन केलं, पुन्हा जागं ठेवून. त्या जुन्या जागेचा अर्धा भाग आता शांत होता. करंट लावला तरी दोन्ही भाषा चालू. काम शेजारी सरकलं होतं. तो अर्धा काढला. उरलेला अर्धा अजून इंग्रजी बोलत होता, तो पुन्हा ठेवला. २०२४ पासून अमेरिकेत अशा ट्यूमरसाठी, त्यात आयडीएच नावाचा जनुकीय बदल असेल तर, व्होरासिडेनिब म्हणून गोळी मंजूर झालीय. ती ट्यूमरची वाढ बरीच लांबवते. म्हणजे थोडं मागे ठेवण्याची किंमत पूर्वीइतकी राहिलेली नाही, निदान काही पेशंटसाठी. किमतीचं म्हणाल तर ती आपल्याकडे सामान्य माणसाच्या खिशाला झेपणारी नाही, हेही खरं.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की थांबणं म्हणजे शहाणपण. काही वेळा ऑपरेशननंतर पेशंटची एक बाजू हलत नाही, तो बोलत नाही, आणि घरचे हादरतात, तरीही मी आतून शांत असते. डोक्याच्या वर मध्यभागाजवळ हालचालीची सुरुवात करून देणारा एक पट्टा आहे. तिथला ट्यूमर काढला की हे होतं आणि बहुतेकांत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, परत येतं. हे आधी सांगितलेलं असेल तर घरचे तग धरतात. तिथे घाबरून आधीच थांबणारा सर्जन पेशंटचं नुकसान करतो. नकाशा न काढता, ‘रिस्की जागा आहे’ म्हणत चमचाभर काढून बाहेर येणं आणि त्याला सावधपणा म्हणणं, हेही मी पुष्कळ बघितलंय. दुसरं मत घ्यायला लाजू नका. ग्लायोमा आहे म्हणून उद्याच्या उद्या ऑपरेशन, असं क्वचितच असतं. फार सूज असेल, शुद्ध हरपत असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या घरात कधी ही वेळ आली तर डॉक्टरांना ऑपरेशनआधी विचारा, की हा ट्यूमर आठळीसारखा आहे की मिठासारखा. ते हसतील, पण समजतील. याच्या आजूबाजूला काय काम चालतं, आणि तुम्ही ते कसं तपासणार आहात? जागं ठेवून करणार का, नसेल तर का नाही? थांबायची वेळ आली तर कशासाठी थांबाल? आणि हे विचारायच्या आधी पेशंटशी स्वतंत्र बोला, नातेवाइकांचा घोळका बाजूला ठेवून. आपल्याकडे पेशंट सोडून सगळे निर्णय घेतात. मामा घेतात, शेजारचे काका घेतात, व्हॉट्सॲप ग्रुप घेतो. ज्याचं डोकं उघडायचंय त्याला रिपोर्ट दाखवू नका असं मला फोनवर सांगतात. मी दाखवते. त्याला माहीतच नसेल तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तो मला सांगणार कसं?

ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एक एमआरआय होतो, नसेल झाला तर मागा. नंतर सूज आणि जखमेमुळे चित्र गढूळ होतं. त्या एमआरआयवर किती घन सेंटीमीटर उरला, कुठे उरला आणि तो का ठेवला, ही तीन उत्तरं कागदावर लिहून घ्या. पुढचा रेडिएशनवाला डॉक्टर तुम्हाला हेच विचारणार आहे, आणि कदाचित चार वर्षांनी दुसरं ऑपरेशन करणारा सर्जनही.

रेडिएशनबद्दल पुढच्या भागात माझे एक सहकारी बोलणार आहेत. टकलाला घाबरणाऱ्यांनी तो जरूर ऐका. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मिनिटभराची पुरे. रिपोर्टचे फोटो पाठवू नका, फोटोवरून मी काहीही सांगणार नाही. चला, भेटू.